भिंतीच्या बाहेर उभे राहिलेले नामदेवराय



आजचं वाचन गुरू ग्रंथसाहिबातलं आहे. दचकू नका, आपल्याच माणसाचं आहे. नामदेवरायांची ६१ पदं त्या ग्रंथात आहेत, आणि त्यातल्या दोन पदांत, एक राग भैरउमधलं आणि एक राग मलारमधलं, देऊळ फिरल्याची गोष्ट आहे. आजीच्या तोंडून ऐकलेली गोष्ट, ज्याच्यावर ती बेतली त्यानेच सांगितलेली वाचायला मिळणं हे फार क्वचित घडतं. पदं इथे उतरवत नाही. ती तुम्ही शोधा आणि जमलं तर मोठ्यानं वाचा. मी आज त्या पदांमागचा माणूस सांगणार आहे. चिंतन जरा लांबेल, लोकलमध्ये वाचत असाल तर दोन स्टेशनांत संपणार नाही.

आधी जागा नीट डोळ्यांसमोर आणू. हिंगोली जिल्हा. १ मे १९९९ ला हा जिल्हा परभणीतून वेगळा झाला, म्हणून जुन्या पुस्तकांत या गावांचा पत्ता परभणी असा दिसतो. पूर्णा नदीवर सिद्धेश्वरचं धरण आहे. त्याच भागात औंढा नागनाथ, आणि कयाधू नदीच्या काठी नर्सी. पंढरपूर इथून किती लांब! पण नामदेवरायांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी वळणं या पट्ट्यात येऊन बसली आहेत.

नर्सी हे त्यांच्या घराण्याचं गाव. जन्मही तिथलाच मानतात. काही अभ्यासक पंढरपूर म्हणतात. वडील दामाशेटी, आई गोणाई, जात शिंपी. परंपरेनं जन्म शके ११९२ चा, कार्तिक शुद्ध एकादशी, म्हणजे २६ ऑक्टोबर १२७०. पुढे पत्नी राजाई, चार मुलं, एक मुलगी, आणि घरात गंगाखेडहून आलेली जनाई. घर मोठं, कमाई बेताची, आणि कर्ता पुरुष दिवसभर देवळात! गोणाई आणि राजाई या दोघींनी विठ्ठलाशी जी भांडणं केली आहेत ती अभंगांत आहेत. त्यांच्या बाजूनं विचार केला तर त्यांचं काही चुकत होतं असं मला वाटत नाही.

लहानपणची नैवेद्याची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. वडील गावाला गेलेले, आईनं ताट देऊन छोट्या नाम्याला देवळात पाठवलं. देव जेवेना तेव्हा हा पोरगा रडून हट्ट धरून बसला, आणि देवाला जेवावं लागलं. गोड गोष्ट आहे. पण तिच्यातून नामदेवरायांच्या मनात एक गोष्ट पक्की बसली असणार, की आपला देव या दगडी चौकटीच्या आत आहे, आणि आपण त्याच्या अगदी आतल्या गोटातले आहोत. देव आपल्याशी बोलतो, आपल्या हातचं खातो. इतक्या लाडात वाढलेल्या भक्ताला बाहेरचं जग दिसायला वेळ लागतो.

तो वेळ आळंदीच्या भावंडांबरोबर आला. ज्ञानोबा माउली त्यांच्यापेक्षा पाच वर्षांनी लहान, मुक्ताई तर नऊ वर्षांनी. सगळे संत एकत्र बसलेले असताना मुक्ताईनं तेरच्या गोरोबाकाकांना विनंती केली की काका, तुम्ही मडकी पारखता, इथे कोण भाजलेलं आणि कोण कच्चं ते सांगा. गोरोबांनी आपलं थापटणं उचललं आणि एकेकाच्या डोक्यावर मारत निघाले. बाकी सगळे गप्प राहिले. नामदेवरायांना राग आला. निकाल लागला, की हे मडकं कच्चं आहे.

जरा त्यांच्या जागी उभे राहून बघा. ज्याच्याशी विठ्ठल रोज बोलतो त्याला एक लहान मुलगी सगळ्यांसमोर कच्चा ठरवते! ते तडक पंढरपूरला देवाकडे तक्रार घेऊन गेले. आणि देवानंही मुक्ताईचीच बाजू घेतली. औंढ्याला जा, विसोबा खेचरांना गुरू कर, असं सांगितलं. जो देव सोडून कुठे जायचं नव्हतं, त्यानेच दाराबाहेर पाठवलं.

औंढ्याला पोचल्यावर काय दिसलं? एक म्हातारा माणूस नागनाथाच्या पिंडीवर पाय ठेवून निजलेला. नामदेवराय हादरले. पाय काढा म्हणाले. विसोबांनी सांगितलं की बाबा, माझ्यात ताकद नाही, जिथे देव नसेल तिथे तूच उचलून ठेव. नामदेवरायांनी पाय उचलले, बाजूला ठेवले, तर तिथे पिंड. दुसरीकडे ठेवले, तिथेही पिंड. पाय ठेवायला जागाच उरली नाही. त्या दिवसापर्यंत त्यांना देव कुठे आहे ते माहीत होतं. त्या दिवशी देव कुठे नाही तेच सापडेना.

ही गोष्ट औंढ्यातच घडावी याला एक खास अर्थ आहे असं मला वाटतं, आणि त्यासाठी ते देऊळ बघावं लागतं. औंढ्याचं जुनं नाव आमर्दक. याच नावाचा शैव आचार्यांचा मठ एके काळी फार प्रसिद्ध होता. आताच्या देवळाचा खालचा दगडी भाग यादवकाळातला. वरचं पांढरं चुन्याचं शिखर नंतरचं, ते बघून फसू नका. खाली बघा. भिंत सरळ नाही, कोनाकोनांत मोडत गेलेली आहे, त्यामुळे ऊन सरकलं की सावल्याही सरकतात. आणि त्या भिंतीवर थरावर थर कोरलेले. शिव, विष्णूचे अवतार, देवी, नर्तकी, वादक. प्रदक्षिणा घालताना माणूस चालतो आणि भिंत त्याच्याशी बोलत राहते.

आता आत जा. गाभारा जमिनीखाली आहे. अरुंद पायऱ्यांवरून वाकून, अंग चोरून उतरावं लागतं. खाली एका वेळी मोजकीच माणसं मावतात. म्हणजे बघा, ज्याच्यासाठी हे सगळं उभारलं तो अंधारात, लहानशा जागेत. आणि शिल्पकारांचे सगळे कष्ट बाहेर, उघड्यावर, पावसात.

असं का, हा प्रश्न मला फार दिवस होता. त्याला जरा वेगळ्या दिशेनं उजेड मिळाला. युरोपात रोमानिया देशाच्या ईशान्य कोपऱ्यात काही जुने ख्रिस्ती मठ आहेत. व्होरोनेत्स, हुमोर, मोल्दोवित्सा, सुचेवित्सा अशी त्यांची नावं. त्या मठांतली चर्च बाहेरून रंगवलेली आहेत. आतून तर सगळेच रंगवतात. इथे पायापासून पाख्यापर्यंत बाहेरच्या भिंती चित्रांनी भरल्या आहेत. व्होरोनेत्सचं चर्च १४८८ मध्ये स्तेफान राजानं बांधलं, आणि बाहेरची चित्रं १५४७ मधली, म्हणजे नामदेवरायांच्या समाधीनंतर जवळपास दोनशे वर्षांनी. ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर रंग लावायचा, चुना वाळताना रंग धरून ठेवतो. छपराचे पाखे लांब काढलेले, पावसापासून जपायला. तरी व्होरोनेत्सच्या उत्तरेच्या भिंतीवरची बरीच चित्रं वाऱ्यापावसानं पुसली. तिथला निळा रंग इतका प्रसिद्ध आहे की तो गावाच्याच नावानं ओळखतात.

ही चित्रं बाहेर का? त्याचं नेहमी दिलं जाणारं उत्तर साधं आहे. चर्च लहान, माणसं जास्त. पूजेची भाषा जुनी स्लाव्ह, लोकांची बोली रोमानियन. आत मावत नाही, मावलं तरी कळत नाही, अशा शेतकऱ्यांसाठी आणि सैनिकांसाठी अख्खं शास्त्र भिंतीवर बाहेर काढून ठेवलं. व्होरोनेत्सच्या पश्चिमेच्या भिंतीवर शेवटच्या न्यायाचा दिवस आहे. मोल्दोवित्सामध्ये, १५३७ च्या चित्रात, कॉन्स्टँटिनोपल शहराचा वेढा आहे, आणि त्यात वेढा घालणारे तुर्कांसारखे दिसतात, कारण त्या लोकांना खरी भीती तुर्कांचीच होती. सुचेवित्सामध्ये एक लांब शिडी आहे. साधू तिच्यावरून वर चढताहेत, एका बाजूला देवदूतांच्या रांगा, आणि खालून सैतान पाय ओढताहेत.

संस्कृत आणि मराठी हे आपलं जे जुनं भांडण, त्याचीच ही दुसरी आवृत्ती आहे. माउलींनी गीता मराठीत आणली. नामदेवरायांनी कीर्तन वाळवंटात आणलं. चंद्रभागेच्या वाळूत भिंतच नाही, त्यामुळे आत कोण आणि बाहेर कोण हा प्रश्नच मिटतो.

पण एक गोष्ट मनात सलते, ती सांगून टाकतो. बाहेर चित्रं काढली म्हणजे माणसाला आत घेतलं असं होत नाही. भिंत कितीही सुंदर असली तरी ती भिंतच आहे. आणि आपल्याकडे तर काही माणसांना त्या भिंतीजवळही जायची मुभा नव्हती.

हे नामदेवरायांना कधी कळलं? परत औंढ्यातच.

परंपरा सांगते की महाशिवरात्रीचा दिवस होता. नामदेवराय नागनाथासमोर कीर्तनाला उभे राहिले. टाळ, वीणा, गर्दी. पुजाऱ्यांना ते खपलं नाही. शिंप्याच्या जातीचा माणूस समोर उभा, वाट अडलेली, त्यांच्या पूजेला विटाळ. नामदेवरायांना तिथून उठवलं आणि देवळाच्या मागे जायला सांगितलं. त्यांच्या पदांत ही जागा कुठली ते नाव नाही, पण जे झालं ते झाकलेलं नाही. शूद्र म्हणून हिणवलं, धरून उठवलं, असं ते स्वतः सांगतात. आणि तक्रार करतात ती पुजाऱ्यांकडे नाही, थेट बाप विठ्ठलाकडे.

विचार करा, ज्याच्या हातून देव जेवला त्या माणसाला देवळाच्या मागच्या बाजूला जावं लागलं. बारा-पंधरा वर्षांपूर्वीचे नामदेव असते तर रागावून पंढरपूरला निघून गेले असते, गोरोबांच्या वेळी गेले होते तसे. यावेळी ते गेले नाहीत. मागे जाऊन उभे राहिले आणि कीर्तन तिथून पुढे चालू केलं. विसोबांनी याच गावात शिकवलेला धडा त्यांनी याच गावात वापरला. मागच्या बाजूला दरवाजा नसतो. समोर असते ती भिंत, तीच कोरलेली, देवांनी भरलेली भिंत.

आणि देऊळ फिरलं. दार नामदेवांकडे आलं, पुजाऱ्यांकडे पाठ गेली. औंढ्याला आजही लोक नंदीची जागा दाखवतात. तो नेहमीसारखा देवासमोर नाही, मागच्या बाजूला आहे. देऊळ फिरलं आणि नंदी जागच्या जागी राहिला, असं सांगतात.

आता तुमच्यापैकी कुणीतरी विचारणारच, की दादा, हजारो टनांचं देऊळ फिरेल कसं? विचारा, जरूर विचारा. मी यावर वाद घालणार नाही. मला या गोष्टीतला एक बारकावा जास्त महत्त्वाचा वाटतो. देवाला जर फक्त नामदेवांना न्याय द्यायचा असता तर सोपं होतं. पुजाऱ्यांची बुद्धी बदलायची आणि नामदेवांना सन्मानानं पुढे बोलवायचं. गोष्टीत तसं झालं नाही. नामदेव जागचे हलले नाहीत; ते मागेच राहिले आणि जिथे ते उभे होते तीच पुढची बाजू झाली. ही गोष्ट ज्यांनी शेकडो वर्षं जपली, ती बहुतेक माणसं मागे उभी राहणारीच होती.

ज्ञानोबा माउलींबरोबर नामदेवरायांनी तीर्थयात्रा केली. १२९६ मध्ये माउलींनी आळंदीला समाधी घेतली. त्या समाधीचे अभंग नामदेवरायांचे आहेत. ते एकदा तरी वाचा, फक्त ऑफिसमध्ये वाचू नका. डोळे पुसायला रुमाल कमी पडतो. त्यानंतर महाराष्ट्रात त्यांचं मन फार काळ रमलं नाही. ते उत्तरेला निघाले. वाटेतले मुक्काम मी मोजत बसत नाही. पंजाबात गुरदासपूर जिल्ह्यात घुमान नावाचं गाव आहे, तिथे ते वीसेक वर्षं राहिले असं मानतात. पन्नाशी ओलांडलेला मराठी शिंपी परक्या मुलखात जातो, तिथली बोली शिकतो आणि त्या बोलीत पदं रचतो! आपण बंगळुरूला दोन वर्षं काढून कन्नडमध्ये हिशेब विचारायला शिकत नाही. तिथले लोक त्यांना बाबा नामदेव म्हणतात, आणि समाधीही आमच्याकडेच झाली असं मानतात. २०१५ मध्ये मराठी साहित्य संमेलन घुमानला भरलं तेव्हा बऱ्याच मराठी माणसांना हे गाव नकाशावर पहिल्यांदा दिसलं.

१६०४ मध्ये गुरू अर्जनदेवांनी आदिग्रंथ सिद्ध केला आणि त्यात नामदेवरायांची पदं घेतली. अमृतसरच्या हरिमंदिरात तो ग्रंथ विराजमान झाला. त्या मंदिराला चार दिशांना चार दारं आहेत. मागची बाजू अशी नाहीच. ज्या माणसाला उठवून मागे पाठवलं, त्याची ती तक्रार अशा इमारतीत गायली जाते.

आता शेवटचा भाग. तो सांगायला मला जड जातं.

मंगळवेढ्याचे चोखोबा नामदेवरायांचे शिष्य. जात महार. विठ्ठलाच्या देवळात जायची बंदी, म्हणून बाहेरून दर्शन. नामदेवरायांना एकदा मागे पाठवलं होतं. चोखोबा जन्मभर बाहेर होते. १३३८ मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चाललं होतं. कूस म्हणजे गावाभोवतीची भिंत. वेठीला धरलेले मजूर भिंत चढवत होते, त्यांत चोखोबाही होते. भिंत कोसळली आणि ते सगळे खाली गाडले गेले.

जी भिंत ज्यांना बाहेर ठेवते ती बांधायला तेच लागतात, आणि पडते तेव्हा त्यांच्याच अंगावर पडते. यावर काही लिहायला माझ्याकडे शब्द नाहीत.

बातमी आली तेव्हा नामदेवराय अडुसष्ट वर्षांचे होते. ते मंगळवेढ्याला गेले. दगडमातीच्या ढिगात कुणाची हाडं कुणाची हे कसं ओळखणार? परंपरा सांगते की नामदेवराय एकेक हाड उचलून कानाला लावत होते. ज्यातून विठ्ठलनाम ऐकू आलं ती हाडं चोखोबांची. डोळ्यांसमोर आणा: म्हातारा माणूस, उन्हात, ढिगाऱ्यावर वाकलेला, कानाला हाड लावून ऐकतोय. ज्याला शिवलेलंही त्या काळी चालत नव्हतं, त्याच्या अस्थी! त्यांनी त्या पदरात बांधून पंढरपूरला आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधली. जिवंतपणी जिथपर्यंत येता आलं होतं, तिथेच.

चोखोबांच्या माणसांना त्या दारातून आत जायला त्यानंतर सहाशे नऊ वर्षं लागली. १९४७ च्या मे महिन्यात सानेगुरुजी पंढरपुरात प्राणांतिक उपोषणाला बसले, तेव्हा दार उघडलं.

नामदेवराय मात्र तोवर वाट पाहत बसले नाहीत. त्यांचा हक्क आत होता. देवाचा लाडका, सगळ्या वारकऱ्यांचा आवडता कीर्तनकार, वय ऐंशी. त्यांना गाभाऱ्याजवळची कुठलीही जागा मिळाली असती. त्यांनी महाद्वाराची पायरी मागितली. दाराच्या आत नाही, दाराच्या बाहेरची पहिली पायरी. येणाऱ्या संतांच्या पायांची धूळ आपल्यावर पडावी एवढीच इच्छा. शके १२७२, म्हणजे १३५०, आषाढ वद्य त्रयोदशी. परंपरा सांगते की घरातल्या माणसांसह त्यांनी तिथे समाधी घेतली, त्यात जनाईही होती.

म्हणजे आता महाद्वारापाशी बघा कसं आहे. समोर चोखोबा, पायरीत नामदेवराय, मध्ये येण्याजाण्याची वाट. सुचेवित्साच्या त्या भिंतीवरचे साधू शिडी चढून वर जायला धडपडताहेत. इकडे आपला माणूस सगळ्यात खालच्या पायरीवर, स्वतःच्या इच्छेनं, कायमचा.

एक गंमत मात्र झाली आहे. त्यांनी पाय मागितले होते, पण आपण त्या पायरीवर पाय ठेवत नाही. वाकून हात लावतो, डोकं टेकतो आणि पुढे जातो. आषाढीला गेलात तर मागची रेटारेटी सोसत त्या पायरीशी क्षणभर थांबाच, आणि मग वळून चोखोबांकडेही बघा. बरेच जण ते विसरतात, कारण सगळ्यांचं तोंड आतल्या दिशेला असतं.

उद्या जनाईकडे जाऊ. जात्यावर बसायची तयारी ठेवा.

रामकृष्ण हरी.